मोतीबिंदू आणि वाचणाऱ्याची जागा

"अजून पिकला नाही, थांबा," असे सांगून डोळ्यांच्या डॉक्टरने ज्यांना घरी पाठवले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ऑपरेशनचे सगळे सांगतात. त्या थांबण्यात काय होते ते कोणी सांगत नाही. डोळ्यांत काय होते ते डॉक्टर सांगेल. पोटात काय जळते ते मी सांगतो. छापणाऱ्यांना एकच विनंती: हे मोठ्या टाइपात छापावे आणि दोन ओळींमध्ये नखभर तरी जागा सोडावी. पाने वाढली तर माझा मजकूर कापावा, टाइप कापू नये.

घोंगडी

मी पलटणीत स्टोअरचा हवालदार होतो. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, किती आणि कोणाच्या नावावर, हे सांगणे माझे काम. निवृत्त झाल्यावर कोरेगावजवळच्या आमच्या गावी आलो आणि तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या गोदामावर लागलो. तिथेही तेच काम, फक्त बंदुकांच्या जागी खताची पोती.

गावच्या शाळेत लहानपणी मी व्हरांड्यात बसायचो. तिथून फळा तिरपा दिसायचा. अक्षर खरे लागले ते पलटणीच्या वर्गात, मिसरूड फुटल्यावर. म्हणून अक्षराची किंमत मला जरा जास्त आहे.

धम्म घेतल्यानंतर आमच्या वस्तीने जुन्या चावडीच्या जागी पत्र्याचे विहार उभे केले. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा. लोक रानातून येतात, हातपाय धुतात, धुतलेले पांढरे कपडे घालतात. त्रिशरण-पंचशील होते, मग एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ग्रंथासाठी चौरंग आणि वाचणाऱ्यासाठी चौघडी घातलेली घोंगडी. ती घोंगडी माझी होती.

वस्तीत वाचता येणारी दुसरी माणसे नव्हती असे नाही. पण घसा लागतो, धीर लागतो, रोज वेळेवर यावे लागते. "हवालदार वाचणार हाईत," असे म्हणत लोक मुलांना गप्प बसवायचे. ही जागा मला कोणी नेमून दिलेली नव्हती. म्हणूनच ती कोणी काढूनही घेऊ शकेल, ही धास्ती. आजारपणात मला डोळ्यांची जेवढी काळजी होती, तेवढीच या घोंगडीची होती. खरे तर जास्तच होती.

आधी अनुस्वार गेले

आमचा ग्रंथ स्वस्त आवृत्तीचा होता. गरिबाला परवडावा म्हणून कागद वाचवलेला. टाइप बारीक, ओळ ओळीला चिकटलेली, पान इतके पातळ की मागची अक्षरे पुढे डोकवायची. गावातल्या देवळात सुट्या पानांच्या पोथ्या होत्या, त्यांचे अक्षर करंगळीच्या नखाएवढे. आत न जाता दारातून वाचता येईल इतके मोठे. मी दारातून वाचलेही आहे. त्या देवळात विजेचा दिवा आधी आला. आमच्या वस्तीत खांबसुद्धा नव्हते. कोयनेची वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची. म्हणजे ज्यांच्याकडे उजेड, त्यांचे अक्षर मोठे. ज्यांच्याकडे एक गॅसबत्ती, त्यांचे बारीक. पुस्तके काढणाऱ्यांनी याचा कधीतरी विचार करावा.

तर आधी अनुस्वार गेले. मग रफार गेले. मग घ आणि ध एक झाले, भ आणि म एक झाले. मी पुस्तक लांब धरू लागलो, मग जवळ, मग बत्तीच्या बाजूला तिरपे. बत्तीचा उजेड डोळ्यांत चिरायचा, तिच्याभोवती भाताच्या पेजेसारखे पांढरट काहीतरी पसरायचे. मी चष्म्याच्या काचा पुसत राहिलो. काचेत काही नव्हते.

साताऱ्याचा दिवस

डोळ्यांचे डॉक्टर साताऱ्यात होते. बाकड्यावर बरीच माणसे होती. दार उघडे होते आणि आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला. एकेक माणूस आत जायचा आणि मोठ्याने वाचायचा. मी बाहेर बसून ऐकत होतो. माझा नंबर येईपर्यंत तक्ता वरपासून खालपर्यंत माझा पाठ झाला. स्टोअरच्या माणसाला हे अवघड नाही.

मी आत गेलो आणि सगळ्या ओळी खणखणीत म्हटल्या, अगदी खालची मुंगीएवढीसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, "वा हवालदार! आणि आता माझ्या हातात काय आहे?"

मी म्हणालो, "पुस्तक."

"पुस्तक नाही हो, पंखा आहे."

त्यांनी विजेरी मारून दोन्ही डोळे बघितले. मोतीबिंदू, दोन्हीकडे. वयाच्या मानाने लवकर आला म्हणाले. उजवा पुढे गेलेला, डावा मागून येतो आहे. "पण अजून पिकलेला नाही. थंडीत बघू. मिरजेला जा, तिथे चांगले करतात. आणि परत तक्ता पाठ करू नका, तुमचंच नुकसान आहे."

बाहेर आलो तर बाकड्यावर सत्तरीचा एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. चष्मा नाही. नातवाला घेऊन आला होता. मला पहिल्यांदा भीती वाटायला हवी होती. वाटला हेवा. या माणसाने काय केले म्हणून याचे डोळे राहिले, आणि मी काय केले म्हणून माझे गेले?

त्यानंतर हेच सुरू झाले. परतीच्या एस.टी.त कंडक्टर हलत्या गाडीत तिकिटावरचा आकडा बघायचा, त्याचा हेवा. दारात सुई ओवणाऱ्या बाईचा हेवा. तारेवर बसून खालचा किडा टिपणाऱ्या कोतवाल पाखराचासुद्धा. तुमचेही असे होईल. तुम्ही वाईट माणूस झालात असे समजू नका. दुखण्याचा तोही एक भाग आहे. खोकल्याला जसा कफ असतो, तसा याला हेवा असतो.

धडा

थंडीला अवकाश होता आणि वर्षावास तोंडावर आला होता. डोळ्यांचे मी कोणाला सांगितले नाही. "पित्त झालंय, उजेड सोसत न्हाई," एवढेच घरी सांगितले.

माझी बायको हौसा. तिला अक्षरओळख मीच करून दिली होती, सुट्टीवर यायचो तेव्हा. ती जोडून जोडून वाचायची. पाण्यात पाय ठेवताना तळ बघावा तशी.

मी तिला म्हणालो, "तुझं वाचन कच्चं राहिलंय. रोज दुपारी धडा घेणार."

"आता? म्हातारपणी?"

"म्हातारपण कुठलं आलंय? बस."

त्या दिवशी संध्याकाळी जे वाचायचे असेल, तेच पान मी तिला दुपारी वाचायला लावू लागलो. ती वाचायची, मी चुका काढायचो आणि मनात साठवत जायचो. ग्रंथ दोन-तीन वर्षे वाचलेला असल्यामुळे बराचसा डोक्यात होताच. सांधे तेवढे ती भरून द्यायची. संध्याकाळी मी घोंगडीवर बसायचो, पुस्तक उघडायचो, मान खाली घालायचो आणि डोळे मिटून म्हणायचो. ओळीवर बोट फिरवायचो. पान उलटायचो. लोकांना काही कळले नाही. माझी व्यवस्था चोख होती.

बत्ती

श्रावण संपत आला होता. त्या संध्याकाळी पावसाने पत्रा नुसता वाजत होता. वाऱ्याने मूर्तीपुढच्या मेणबत्त्या आधीच विझल्या होत्या, एक गॅसबत्ती तेवढी होती. मी म्हणत होतो. लोक एकदम शांत झाले. मला वाटले, रंगले आहेत. मी आवाज चढवला आणि पान उलटले.

गयाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण, वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई. ती पुढेच बसायची. ती म्हणाली, "आरं हवालदारा, बत्ती जाऊन लय येळ झाला की. तू कशावर वाचतुयास रं?"

मी डोळे उघडले. मिटलेले आणि उघडलेले सारखेच होते. बत्तीतला मेंटल, म्हणजे जळणारी जाळी, फुटला होता आणि पावसात मला ते ऐकू आले नव्हते.

मागून कोणीतरी म्हणाले, "पलटणीत शिकिवत्यात गड्या, अंधारात बघायला." हसू फुटले. ते वाईट हसू नव्हते. पण अंधारात हसू कुठल्या तोंडातून आले ते दिसत नाही, म्हणून सगळ्यांच्याच तोंडातून आल्यासारखे वाटते.

कोणीतरी चाचपत नवा मेंटल बांधला. उजेड झाला, तेव्हा पेजेसारख्या पांढऱ्या धुक्यात एक आकृती चौरंगाजवळ आली. हौसा होती.

"सरका वाईच," ती म्हणाली.

मी सरकलो. तिने पुस्तक घेतले, मी उलटलेले पान परत सरळ केले आणि नेमकी ओळ काढली. का नाही काढणार? दुपारी मीच तिच्याकडून वाचून घेतली होती.

ती कशी वाचायची

दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणू लागले, "हवालदारीणबाई वाचणार हाईत." एका दिवसात. मी दोन-तीन वर्षे बसलो होतो तिथे.

मी दाराजवळ बसून ऐकायचो आणि मनात तिच्या चुका मोजायचो. ती अडायची. एकच शब्द दोनदा जोडायची. पण तिची एक खोड होती, त्या खोडीने मला घायाळ केले. ती मध्येच थांबायची आणि विचारायची, "आत्या, ह्येचा अर्थ काय लागला? मला तर न्हाई बा लागला."

वाचणाऱ्याने असे म्हणायचे असते? मला नाही लागला म्हणून? मी अर्थ लागो न लागो, पुढे रेटायचो. आता गयाआत्या बोलायची, मागचा कोणी बोलायचा, बायका आपसात बोलायच्या. मग ती वाक्य परत वाचायची. चार पानांच्या जागी एक पान व्हायचे. आणि माणसे उठत नसत. बायका भिंतीकडून सरकत सरकत चौरंगापर्यंत आल्या होत्या. माझ्या वेळी त्या भिंतीलाच असायच्या.

घरी मी तिच्याशी धड बोलेनासा झालो. भाजी खारट नसताना खारट म्हणालो. वस्तू जागेवर नाहीत म्हणून ओरडलो. त्या जागेवर होत्या, मलाच दिसत नव्हत्या. दुपारचा धडा मी बंद केला. तिने एकटीने सुरू ठेवला. ओसरीत बसून तोंडातल्या तोंडात वाचायची आणि मी आत पडून ती पुटपुट ऐकायचो. ऐकू येत होते तेवढे ऐकायचो आणि बाकीचे डोक्यातल्या पाठांतराने पुरे करायचो. ती चुकली की बरे वाटायचे. तिचे चुकणे कमी होत गेले.

ज्यांच्या घरात असा रोगी आहे त्यांना सांगतो: तो चिडेल. त्याचे काम घरातल्याच माणसाने उचलले असेल तर जास्त चिडेल. परक्याने उचलले तर निदान तोंडावर शिव्या तरी देता येतात.

मिरज

दिवाळीनंतर थंडी पडली आणि उजवा डोळा पिकला. कोरेगावहून रेल्वेने मिरजेला गेलो. हौसा बरोबर होती. माझे ट्रंकेतले सामान मी हाताने चाचपून लावले होते: डाव्या बाजूला कपडे, उजव्या बाजूला भांडी, मध्ये चादर. तिने त्यात ग्रंथ टाकला होता. मी तो बाहेर काढून ठेवला. तिने परत टाकला.

ऑपरेशनचे थोडक्यात: कळते, पण दुखत नाही. खरी परीक्षा नंतर. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, उताणे पडायचे. मान हलवायची नाही, खोकायचे नाही, शिंकायचे नाही, जोर करायचा नाही. नळीच्या कपाने पेज आणि चहा. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर कडक होत्या, पण त्यांच्या पायातल्या वहाणांचा आवाज ओळखीचा झाला की बरे वाटायचे. लहान गोष्टी धरून ठेवा. मी तो आवाज धरला होता.

शेजारच्या खाटेवर जत भागातला एक धनगर होता, बिरूतात्या. त्याचे ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी झाले होते. दोघेही आंधळे, दोघेही उताणे. ओळख नुसती आवाजाची.

"हवालदार," तो म्हणायचा, "तुमाला कशाला पायजे व्हती नजर?"

"वाचायला."

"वाचायला? आन् ते बी नाकाजवळ धरून?" तो हसायला लागला की सिस्टर ओरडायच्या. "माझं तसं न्हाई बगा. मला लांबचं दिसलं म्हंजी झालं. माळावरची मेंढरं दिसली, लांडगा दिसला, बास. भाकर काय, हाताला घावतीच की."

मला त्याचाही हेवा वाटला. डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशननंतर लांबचे चांगले दिसेल, जवळचे मात्र सवयीने. म्हणजे याला हवे ते याला सहज मिळणार आणि मला हवे ते कष्टाने. देणाऱ्याने वाटणी करताना यादी नीट बघितली नव्हती.

आणि हौसा तिथेही वाचू लागली. कोणाच्या तरी खाटेखाली जुने वर्तमानपत्र होते, ते तिने उचलले. बिरूतात्याने आवाज ऐकला.

"बाई, तुमाला वाचता येतंय? मेंढराचा भाव हाय का त्येच्यात?"

"न्हाई तात्या. गुळाचा हाय."

"मग गुळाचा वाचा. त्वांड तरी ग्वाड हुईल."

ती गुळाचा भाव वाचू लागली. मग हळदीचा. पलीकडचे एक म्हातारे म्हणाले, जरा मोठ्याने. साऱ्या वॉर्डात पट्ट्या बांधलेली माणसे, आणि माझी बायको मध्ये बसून सगळ्यांना वाचून दाखवते आहे. एका ठिकाणी तिने एक शब्द चुकवला. मी पिशव्यांच्या मधून म्हणालो, "तसं न्हाई ते!"

सिस्टर आल्या. "हवालदार, बोलताना जबडा हलतो, जबड्याबरोबर डोळा हलतो. जबडा बांधू का?"

बिरूतात्या म्हणाला, "बांदा बांदा. बाईला वाचू द्या."

पिशव्यांच्या मध्ये

दुपारी वॉर्ड झोपला होता. हौसा माझ्या खाटेजवळ खाली बसली होती. तिच्या बांगड्यांवरून मला कळायचे. मी विचारले, "माझं डोळं गेल्यालं तुला कवा कळलं? बत्ती गेली तवा?"

"न्हाई. त्येच्या लय आदी."

"कवा?"

"धडा घेताना तुमी येकदा पुस्तक उलटं धरून मला दिलं. मी सरळ केलं. तुमी म्हनला, आसंच धरायचं आसतं."

मला ते आठवत नव्हते. पण मी तसे म्हणालो असणार. माझे वाक्य मला ओळखू येते.

"मग बोलली का न्हाईस?"

तिने बांगड्या मागे सारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमी मास्तर. मास्तरला कोन सांगतं? आन् खरं सांगू का? रागावू नका, टाकं पडल्यात. मला वाचायला मिळत हुतं. भर दुपारी पुस्तक घिऊन बसायला बाईला कोन देतंय वो? तुमचं डोळं धड आसतं तर मला कोन बसवतंय?"

मी चादरीची कड चाचपत राहिलो.

"तुमी घोंगडीवर बसायचा," ती म्हणाली, "तवा मी तिकडं खांबाला टेकून बसायची. तुमच्याकडं बघून जळायची. आता तुमी जळताय. मला म्हाईत हाय. दोन सालं मी जळले, आता तुमी जळा थोडं."

ती हे हसून म्हणाली. मला तिच्याकडे वळून बघायचे होते. वाळूच्या पिशव्या होत्या. वळलो असतो तरी पट्टी होती. रागाने की दुसऱ्या कशाने कोण जाणे, पट्टीखाली डोळा ओला झाला आणि मी घाबरलो, कारण रडायचेही नव्हते. सिस्टरना हाक मारून मी विचारले, डोळ्याला पाणी आले तर चालते का? त्या म्हणाल्या, चालते, पुसू नका.

निळा

पट्टी सुटली त्या सकाळी पहिल्यांदा दिसला तो पांढरा रंग. मग हौसाच्या लुगड्याचा काठ. तो निळा होता. मोतीबिंदू सगळे जग चहाच्या रंगाचे करतो, आणि इतके हळूहळू करतो की कळत नाही. निळा रंग मी विसरलोच होतो. गावी परतल्यावर विहारावरचा झेंडा बघितला, तेव्हा मी रस्त्यात उभाच राहिलो. एवढा निळा तो आधीपासून होता का, असे मी हौसाला विचारले. ती म्हणाली, व्हय.

आधी काळा चष्मा मिळतो, मग जाड काचेचा. जाड चष्म्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. सगळे मोठे आणि जवळ दिसते. चहा कपाबाहेर पडेल. पायरी जिथे दिसते तिथे नसते. दाराची चौकट धनुष्यासारखी वाकलेली दिसेल आणि माणसे बाजूने एकदम उगवतील. महिना-दोन महिने घरातली एकही वस्तू जागेवरून हलवू देऊ नका. माझ्या घरात हा नियम आधीपासूनच होता, म्हणून मी कमी आपटलो.

वाचायचा चष्मा वेगळा. त्यात अक्षर मोठे दिसते, पण फक्त मधोमध. ओळीची दोन्ही टोके वाकून पळतात. खालची ओळ वरच्या ओळीत चढते. यावर एक उपाय मी काढला, तो उपयोगाचा आहे: काळा पुठ्ठा घ्यावा, त्यात एका ओळीएवढी लांब फट कापावी आणि ती फट पानावर ओळीओळीने खाली सरकवावी. उजेड डाव्या खांद्यामागून घ्यावा, समोरून कधीही नाही. चकचकीत कागदाचे पुस्तक घेऊ नये. आणि पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उघडून बघावे: टाइप मोठा आहे का, ओळी सुट्या आहेत का. दुकानदार तोंड वाकडे करेल, करू द्या. पुस्तकाचे नाव कव्हरवर केवढे आहे ते बघून फसू नका. कव्हरवर सगळेच मोठे लिहितात.

बिरूतात्याला जाड चष्म्यातून लांबचे लख्ख दिसू लागले, असे त्याच्या भागातला एकजण बाजारात भेटला तेव्हा म्हणाला. तात्याने म्हणे एका बकरीला दुसऱ्याची म्हणून हाकलले. ती त्याचीच होती, एवढी मोठी त्याने कधी पाहिली नव्हती. मला बरे वाटले. तात्या चुकला म्हणून बरे वाटले की त्याला दिसले म्हणून, ते विचारू नका.

पुन्हा आषाढी

पुढच्या आषाढी पौर्णिमेला मी धुतलेला सदरा घातला आणि पुठ्ठा खिशात ठेवला. विहारात गेलो. चौरंग, घोंगडी सगळे जागेवर होते. कोणी काही ठरवले नव्हते. हौसा माझ्या पुढे गेली, घोंगडीजवळ क्षणभर थांबली आणि न बोलता खांबाकडे वळली. तिने खांबाला पाठ टेकली.

मी बसलो. पुठ्ठा लावला. फटीत ओळ आली. मी वाचली. पुठ्ठा खाली सरकवला. फटीत तीच ओळ परत आली. मी ती परत वाचली. जास्त सरकवला, एक ओळ गेली. मी मागे आलो. पत्र्यावर पाऊस नव्हता, हसणारे कोणी नव्हते, सगळे माझ्यासाठी धीर धरून बसले होते. तो धीर मला ऐकू येत होता. बायका भिंतीकडे सरकल्या होत्या.

अर्थाकडे माझे लक्षच नव्हते. सगळे लक्ष पुढची ओळ सापडण्याकडे. कसेबसे एक पान झाले. शेवटी सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटले. गयाआत्या बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दिसायला लागलं न्हवं? बास. लय झालं."

ती चांगले बोलत होती. पण त्या 'लय झालं'चे दोन्ही अर्थ मला लागले.

दुसऱ्या दिवशी मी हौसाला म्हणालो, "आज तू वाच. माझा डोळा दुखतोय."

"खरंच दुखतोय?"

"दुखतोय म्हटलं की."

तिने अजून थोडा वेळ माझ्याकडे बघितले. जाड काचेतून ती खूप मोठी आणि खूप जवळ दिसत होती. मग ती गेली आणि तिने ट्रंकेतून पांढरे लुगडे बाहेर काढले.

विहारात बिनकामाचे बसणे मला जमत नाही. म्हणून मी बत्तीचे काम घेतले. तेल, पंप, काडेपेटी, खोक्यात दोन जादा मेंटल. बत्ती तिच्या डाव्या खांद्यामागे टांगण्यासाठी मी एक खिळा ठोकला. पंधरवडाभर ती वाचत होती, मी बत्ती बघत होतो, आणि पोटातले जळणे चालूच होते. त्यावर अजून ऑपरेशन निघालेले नाही.

मग एका संध्याकाळी, भर पावसात, मेंटल फुटला. मेणबत्त्या वाऱ्याने आधीच गेल्या होत्या. सगळे तसेच, गेल्या वर्षीसारखे. अंधार झाला. ते पान तिला पाठ होते. मला ठाऊक आहे, कारण दुपारी ओसरीत तिने ते चारदा पुटपुटले होते. ती म्हणत राहिली असती तरी तिला कोणी काही म्हटले नसते.

ती अर्ध्या शब्दावर थांबली.

"आता दिसत न्हाई मला," ती म्हणाली. "आवं, बत्ती बघा."

बस, एवढेच. कोणी हसले नाही. कोणाला त्यात काही वाटले नाही. गयाआत्याने जांभई दिली, कोणीतरी तंबाखूची डबी उघडली, दोन बायका पावसाबद्दल बोलू लागल्या.

मी अंधारात खोका चाचपला. तिच्या आवाजाचा मी हेवा केला होता, तिच्या डोळ्यांचा, तिच्याकडे सरकणाऱ्या बायकांचा. पण त्या चार शब्दांइतका हेवा मला कशाचाच वाटला नाही. वर्षभर ते माझ्या तोंडात होते. डॉक्टरपुढे निघाले नाहीत, घरात निघाले नाहीत, या पत्र्याखाली तर नाहीतच. तिने ते पाणी मागावे तसे म्हटले.

मेंटल बांधायला डोळे लागत नाहीत, हे मला त्या वर्षाने शिकवले होते. मी गाठ मारली, काडी ओढली, पंप मारला. उजेड आला.

"दिसतंय का आता?" मी विचारले.

"वाईच हिकडं घ्या."

मी बत्ती तिकडे घेतली. तिने ओळीवर बोट ठेवले आणि तो अर्धा शब्द पहिल्यापासून वाचला.